जलूदचं ऊन, इंदूरचा नळ आणि मधली टेबलं

‘नर्मदेचं पाणी आता सूर्याच्या विजेवर’ अशी बातमी इंदुरात गेली काही वर्षं अधूनमधून छापून येते. सोबत हरित रोखे, मेगावॉट, कार्बन क्रेडिट असे शब्द येतात. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी चांगलं चाललं आहे. मग माझं पाणीपट्टीचं बिल कमी होणार का, हे कर्ज कुणी फेडायचं आणि एवढं ऊन असताना इतका वेळ कशाला लागतो, हे प्रश्न तसेच राहतात. कोळसा-पेट्रोल कमी जाळून चालणारं शहर घडवायचं तर पॅनेल कुठून आणायचे यावर फारसं अडत नाही. सही कुणाची, पैसे कुणाचे आणि बुडाले तर कुणाचे, इथे अडतं. आपल्या नळापासून सुरुवात केली की हे नीट दिसतं.

हजार लिटरमागे दोन युनिट

सरकारी मापात शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चौघांच्या घराला ५४० लिटर झाले, सोयीसाठी पाचशे धरू. हे पाणी खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेतून उचलतात, विंध्याचा घाट चढवतात आणि सुमारे सत्तर किलोमीटर लांब इंदूरच्या टाक्यांत आणून सोडतात. नदीपासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ साधारण पाचशे मीटर आहे.

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. एक टन पाचशे मीटर वर न्यायला शाळेतल्या सूत्राने १.३६ युनिट वीज लागते. पण पंप आणि मोटर मिळून घेतलेल्या विजेतला तीन चतुर्थांश भागच कामी लावतात, म्हणून हा आकडा १.८ वर जातो. त्यात इतक्या लांब नळीतलं घर्षण मिळवा. ढोबळ हिशेब हजार लिटरमागे दोन युनिट असा बसतो.

म्हणजे आपल्या पाचशे लिटरला रोज एक युनिट. स्वयंपाकघरातला फ्रिज दिवसाला साधारण एवढीच वीज खातो. प्रत्येक घरामागे एक न दिसणारा फ्रिज जलूदला रात्रंदिवस चालू आहे आणि त्याचं बिल आपल्या घरी न येता नगर निगमाकडे जातं. बहुतेक घरांची पाणीपट्टी महिन्याची ठरावीक असते, ती या खर्चाच्या आसपासही पोहोचत नाही. उरलेला खड्डा मालमत्ता कर आणि राज्याकडून येणाऱ्या पैशांतून भरला जातो. म्हणून पाण्याची वीज हा निगमाच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

साठ मेगावॉट म्हणजे नेमकं किती?

जलूद परिसरातला सौर प्रकल्प ६० मेगावॉटचा. इथे बातम्या एक घोळ घालतात. मेगावॉट ही क्षमता आहे, म्हणजे पातेलं किती मोठं ते. त्यात दूध किती तापलं ते युनिटांत मोजतात. कोळशाचं पातेलं दिवसभर चुलीवर असतं, सौर पातेलं ऊन असेल तेवढाच वेळ.

माळव्या-निमाडच्या उन्हात जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पातून एका किलोवॉटमागे वर्षभराच्या सरासरीने रोज साडेचार युनिटांच्या आसपास वीज मिळते. ६० मेगावॉट म्हणजे ६०,००० किलोवॉट, म्हणून रोज २ लाख ७० हजार युनिट. हजार लिटरला दोन या दराने यातून साडेतेरा कोटी लिटर पाणी घाट चढतं. नर्मदा योजना एकामागून एक तीन टप्प्यांत वाढत गेली आणि शहराची रोजची उचल याच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा ‘आता पाण्याचं वीजबिल शून्य’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. मोठा तुकडा कमी होईल, बिल राहील. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तीन वर्षांनी लोक म्हणतात की आम्हाला फसवलं, आणि पुढच्या चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो.

हाच घोळ देशाच्या आकड्यांतही होतो. भारताने २०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-वायूशिवायची करायचं ठरवलं होतं आणि तो टप्पा २०२५ च्या मध्यावरच गाठला. ही मोठी गोष्ट आहे. पण ही निम्मी पातेली झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतला मोठा हिस्सा अजून कोळशाचाच आहे.

कर्ज कुणी दिलं आणि फेडणार कोण?

निगमाकडे एवढे पैसे रोख नसतात. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरने हरित रोखे काढले. रोखे म्हणजे लोकांकडून ठरावीक व्याजाने, ठरावीक मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. हे पैसे पर्यावरणाच्या ठरलेल्या कामावरच खर्च करू, असं लिहून दिलं की ते हरित. गाझियाबादने २०२१ मध्ये असे रोखे काढले होते, पण ते मोठ्या संस्थांना परस्पर विकले होते. इंदूरने ते सामान्य माणसालाही घेता येतील असे बाजारात खुले केले. रक्कम २४४ कोटी, व्याज ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी. मुद्दलाचे चार सारखे भाग पाडले असून ते ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत करायचे आहेत. मागणी काढलेल्या रकमेहून कितीतरी जास्त आली.

आता कागद-पेन्सिल घेऊ. एकेका भागाचे ६१ कोटी. पहिल्यावर तीन वर्षं व्याज, दुसऱ्यावर पाच, मग सात, मग नऊ. सगळं मिळून व्याज होतं सुमारे १२१ कोटी. मुद्दल धरून नऊ वर्षांत ३६५ कोटी द्यायचे, म्हणजे सरासरीने महिन्याला ३ कोटी ३८ लाख. दुसऱ्या बाजूला प्रकल्प महिन्याला ८१ लाख युनिट देईल. युनिटला पाच ते सहा रुपये वाचले असं धरलं तर बचत चार ते पाच कोटींच्या दरम्यान. यातून देखभाल, पॅनेल धुणं, रखवाली, बिघाड वजा करा. हिशेब जमतो, पण कसाबसा. चूक करायला जागा फार थोडी आहे.

सगळ्यात महाग चूक उशिराची असते. व्याजाचा मीटर पैसे हातात आल्या दिवसापासून फिरायला लागतो, विजेचा मीटर प्रकल्प उभा राहिल्यावर. मुद्दल पूर्ण बाकी असताना एका महिन्याचं व्याज होतं १ कोटी ६८ लाख. त्यात न वाचलेलं चार-पाच कोटींचं बिल मिळवा. जमिनीची मोजणी, निविदा, वीजवाहिनीची परवानगी यांत गेलेला प्रत्येक महिना शहराला सहा कोटींच्या आसपास पडतो. उन्हाचे पैसे पडत नसतील, पण फायलीचे पडतात.

देणारे लोक निगमावर विश्वास कसा ठेवतात? इथे एक जुनी घरगुती युक्ती कामाला येते. पगार आला की आपल्याकडे आधी दुधाचे, किराण्याचे, फीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत काढून ठेवत आणि उरलेल्यात महिना भागवत. रोख्यांतही असाच डबा असतो, त्याला एस्क्रो खातं म्हणतात. निगमाचं ठरलेलं उत्पन्न आधी या खात्यात जमा होतं, त्यातून व्याज आणि पुढच्या परतफेडीची तरतूद बाजूला निघते, मगच बाकी पैसे खर्चाला मोकळे होतात. डब्यावर नजर ठेवायला एक विश्वस्त संस्था असते. त्याशिवाय पतमापन, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणं, करावं लागतं, हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार ते वेळोवेळी उघड करावे लागतात. इंदूरला याची सवय आधीपासून होती. २०१८ मध्ये निगमाने जवळपास १४० कोटींचे रोखे काढले होते आणि त्याबद्दल केंद्राच्या अमृत योजनेतून दर १०० कोटींमागे १३ कोटी या दराने प्रोत्साहनही मिळालं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती ही हिशेब लिहायची सक्ती. कर्ज काढायला गेलेल्या पालिकेला आपली वसुली किती, थकबाकी किती, गळती किती हे परक्या माणसापुढे मांडावं लागतं. अनुदानावर चालणाऱ्या पालिकेवर ती वेळ क्वचितच येते.

थांबा निगमाचा, बस नाही

‘शहराने ठरवलं की झालं’ असं वाटत असेल तर राज्यघटनेची बारावी अनुसूची वाचावी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं त्यात दिली आहेत. पाणीपुरवठा आहे, कचरा आहे, रस्त्यावरचे दिवे आणि वाहनतळ आहेत. बसथांबेसुद्धा आहेत, पण बस नाही. दिव्याचा खांब आहे, वीज नाही. वीज हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय आहे. तिचा दर मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि तारा इंदूरच्या पोलो ग्राउंडवर मुख्यालय असलेल्या पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या आहेत.

म्हणून निगमाने स्वतःच्या पैशाने वीज तयार केली तरी ती कुणाच्या तारेतून जाणार, तारेचं भाडं किती, दुपारी जास्त झालेली वीज रात्रीच्या खात्यावर टाकता येईल का, हे सगळं दुसऱ्या टेबलांवर ठरतं. तारेच्या भाड्यात युनिटमागे एखाद्या रुपयाचा फरक पडला तर ८१ लाख युनिटांवर महिन्याचे ८१ लाख रुपये झाले. वरच्या कसाबसा जमणाऱ्या हिशेबात हे ठेवून बघा.

यावर केंद्राने २०२२ मध्ये हरित वीज खुल्या वापराचे नियम आणले. आधी एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकालाच स्वतः निवडलेल्या उत्पादकाकडून वीज घेता येई. ही मर्यादा १०० किलोवॉटवर आली. अर्ज १५ दिवसांत निकाली निघाला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, हेही त्यात आहे. छोटे कारखाने आणि रुग्णालयं यांना याचा उपयोग होतो. तरी भाडं ठरवणारं टेबल राज्यातच राहिलं.

रीवाचा भाव कशामुळे पडला?

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण या सगळ्याची किल्ली आहे. रीवा जिल्ह्यातल्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला आणि पहिल्या वर्षाचा भाव निघाला युनिटला २ रुपये ९७ पैसे. तेव्हा देशात चार रुपयांच्या वरचे भाव चालत होते. पॅनेल स्वस्त होत होते हे खरं, पण ते सगळ्यांसाठीच होत होते.

रीवात वेगळं होतं ते करारपत्र. जमीन सरकारने आधीच जमवून दिली होती. वीज वाहून नेणाऱ्या तारांची सोय ठरली होती. आणि पैसे बुडणार नाहीत यासाठी तीन थर होते: बँकेचं पतपत्र (घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर बँक देईल असं लेखी वचन), ते अपुरं पडलं तर वेगळा निधी, तोही संपला तर राज्य सरकारची हमी. प्रकल्पातली सुमारे २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोने घ्यायचं कबूल केलं होतं. कर्ज देणाऱ्या बँकेला भीती उन्हाची नसते, ती वीज कंपनी सहा-सहा महिने पैसे थकवेल याची असते. ही भीती कमी झाली की व्याज कमी होतं. सौर प्रकल्पात जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच, तोही कर्जातून होत असल्याने व्याज उतरलं की भाव उतरतो. एका चांगल्या कराराने कुठल्याही नव्या यंत्राशिवाय हे साधलं.

इंदूरच्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्पही याच कारणाने उभा राहिला. १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यातून १७ हजार किलो गॅस. भांडवल खाजगी कंपनीचं, जागा आणि कचरा निगमाचा. तयार गॅसचा अर्धा हिस्सा शहरातल्या बससाठी घेतला जाईल हे आधी ठरलं होतं, म्हणून पैसे लावणारा पुढे आला. यात दुसरी हमी आपल्या स्वयंपाकघरातून जाते. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक, काच, कापड आलं तर टाकीतले जिवाणू मंदावतात, ढवळणारी पाती अडकतात आणि गॅस घटतो. घरोघरी कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हातावर तो प्रकल्प चालतो, हे मी अतिशय गांभीर्याने म्हणते. हाच कचरा ढिगात सडला असता तर निघालेला मिथेन वायू, शंभर वर्षांच्या मोजणीत, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

‘रात्री ऊन नसतं, मग पंप कसे चालणार?’

हा आक्षेप बरोबर आहे. पंप चोवीस तास चालतात, पॅनेल दुपारी. फरक विजेच्या जाळ्याच्या खात्यावर मिटवायचा असतो: दुपारची वीज द्यायची, रात्री परत घ्यायची. शेजारणीला वाटीभर साखर दिली आणि दोन दिवसांनी परत आणली, तसंच. पण गल्लीतल्या प्रत्येकीने दुपारीच साखर आणून दिली आणि संध्याकाळी सगळ्याच वाटी घेऊन आल्या तर शेजारणीचा डबा पुरणार नाही. वीज कंपनीची नेमकी हीच तक्रार आहे. दुपारी वीज फार, संध्याकाळी सातला सगळ्यांचे दिवे, पंखे आणि एसी एकदम.

बॅटरी हा एक उपाय, पण खर्चिक. दुसरा उपाय दराचा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे उन्हाच्या तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीतली महाग असायला हवी. आधी मोठ्या ग्राहकांना आणि मग स्मार्ट मीटर बसेल तसं बाकीच्यांना हे लागू होतं, शेती वगळून. स्मार्ट मीटरवर लोकांचा राग आहे. मीटर बदलल्यावर बिल वाढलं असं वाटलं तर वीज कंपनीकडे दुसरा मीटर काही काळ जोडीला लावून रीडिंग ताडून पाहायची मागणी करावी, भांडण तिथेच मिटतं. पण वेळेनुसार दर हवा असेल तर वेळ मोजणारा मीटर लागणारच.

पाण्यासाठी तिसरा उपायही आहे. उंचावरची भरलेली टाकी हीच साठवलेली वीज. दुपारी जास्त पंप चालवून पाणी वर चढवून ठेवायचं आणि संध्याकाळी पंप कमी करायचे. अडचण अशी की चोवीस तासांचं पाणी आठ तासांत चढवायचं तर तिप्पट पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि तिप्पट पंप लागतील. पूर्ण नाही, पण संध्याकाळचे गर्दीचे चार तास टाळण्याइतकी साठवण वाढवणं जमण्यासारखं आहे.

‘श्रीमंतांनी छतावर पॅनेल लावले की बोजा गरिबावर पडेल’

हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. जास्त वीज वापरणारं घर आणि दुकान वरच्या दराने बिल भरतात, त्यातून खालच्यांचा दर सावरला जातो. मध्य प्रदेशात महिन्याला दीडशे युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपयेच द्यावे लागतात, फरक राज्य सरकार भरतं. आता वरच्या दराची घरं छतावर वीज करू लागली की वीज कंपनीचे चांगले ग्राहक कमी होतात. तारा, रोहित्रं आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तो कुणावर तरी पडणार. यावर पॅनेल थांबवणं हा उपाय मला पटत नाही. तारांचा खर्च स्थिर आकारात प्रामाणिकपणे दाखवावा, गरिबाची सवलत थेट सरकारी तिजोरीतून वेळेवर द्यावी आणि छत नसलेल्यालाही सौर विजेत वाटा मिळावा. रामबागेतल्या जुन्या वाड्यात चार भाडेकरू आणि एक गच्ची असेल तर त्या गच्चीवरची वीज चौघांच्या मीटरवर वाटून टाकायची सोय नियमांत आणि व्यवहारात सोपी हवी.

ज्यांचं छत स्वतःचं आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि तीन किंवा त्यावर एकूण ७८ हजार रुपये अनुदान. तीन किलोवॉटला सुमारे तीनशे चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि रोज साधारण बारा युनिट मिळतात. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी करायची, यादीतला विक्रेता निवडायचा, बसवून झालं की तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा), मग अनुदान बँकेत. दहा किलोवॉटपर्यंत वेगळ्या तांत्रिक मंजुरीची गरज नाही.

गाडी अडते ती ठरलेल्या ठिकाणी. वीजबिल अजून गेलेल्या आजोबांच्या नावावर असतं, म्हणून आधी नाव बदलून घ्यावं. अनुदानाला देशी सेलचे देशी पॅनेल लागतात, विक्रेता स्वस्तात दुसरे लावतो. पावतीवर तसं स्पष्ट लिहून घ्यावं. पॅनेल माळेसारखे जोडलेले असतात, म्हणून पाण्याच्या टाकीची सावली एकावर पडली तरी पूर्ण माळेची वीज घटू शकते. आणि वीज गेली की घरचं सौर यंत्रही बंद पडतं. हा बिघाड नाही: खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

ठरलेलं मोडतं तेव्हा

निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. बसला वेगळी मार्गिका, म्हणजे माणशी इंधन कमी. बाजूच्या गाड्यांची कोंडी वाढली, नाराजी वाढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो हटवायची वाट मोकळी झाली. तो चांगला होता की वाईट यावर इंदुरात घरोघरी दोन मतं आहेत. मला त्यातून दिसतं ते एवढं: रोख्यांच्या करारात शहर नऊ वर्षं बांधलेलं आहे, महापौर बदलले तरी व्याज द्यावंच लागतं. बसच्या मार्गिकेला असा आधार नव्हता. तिचा फायदा बसमधल्या हजारोंना थोडा थोडा होता, तोटा गाडीवाल्याला रोज डोळ्यांसमोर दिसत होता. हवामानाच्या बहुतेक निर्णयांचं राजकारण असंच असतं. म्हणून फायदा मिळणाऱ्यांना तो मोजून दाखवला नाही तर त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही.

सिंगरौलीचं काय, आणि पुण्याच्या तिकिटाचं?

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं जाहीर केलं आहे, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ. तोवर कोळसा हळूहळू मागे पडेल. मध्य प्रदेशातल्या कोळशाच्या सिंगरौली जिल्ह्यात खाण, वीजकेंद्र, ट्रक, चहाची टपरी सगळं त्याच्यावर उभं आहे. २०१५ पासून खाणीच्या स्वामित्वधनाबरोबर (सरकारला द्यायच्या रॉयल्टीबरोबर) जिल्हा खनिज निधीही जमा होतो आणि त्यातून तिथल्या शाळा-दवाखान्यांची कामं होतात. कोळसा थांबला की हा झराही आटेल. आज निधी भरलेला असतानाच त्यातला ठरलेला वाटा पुढच्या रोजगारासाठी बाजूला ठेवायला हवा.

त्याची झळ आपल्यालाही लागते. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो आणि मालवाहतुकीच्या कमाईवर प्रवासी तिकीट स्वस्त ठेवलं जातं. इंदूर-पुणे गाडीने माहेरी जाणाऱ्या बाईच्या तिकिटात सिंगरौलीच्या कोळशाचा वाटा आहे. तो कमी झाल्यावर ती भर कुठून घालायची, हा प्रश्न आत्ताच अर्थसंकल्पात दिसायला हवा.

नऊ वर्षांनंतरची वीज

रोख्यांचा शेवटचा हप्ता २०३२ मध्ये आहे. पॅनेल साधारण पंचवीस वर्षं चालतात, दरवर्षी थोडी थोडी ताकद कमी होत. म्हणजे कर्ज फिटल्यानंतरही कितीतरी वर्षं जवळपास फुकट वीज मिळत राहील. ती बचत सर्वसाधारण खर्चात विरघळणार, पाणीपट्टी रोखून धरायला वापरणार, की नळ्या दुरुस्त करायला, हे आजच ठरावात लिहून घेण्यासारखं आहे. निगमाचा अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा नगरसेवकाला तीनच आकडे विचारावेत: जलूदला या वर्षी किती युनिट तयार झाले, पाण्याच्या वीजबिलात किती रुपये कमी झाले आणि उचललेल्या पाण्यापैकी किती नळापर्यंत पोहोचलं.

तिसरा आकडा सहसा कुणी विचारत नाही. रोजच्या दहा कोटी लिटरमागे दहा टक्के पाणी वाटेत गळालं तर एक कोटी लिटर गेलं, आणि त्याच्यासोबत घाट चढवायला लावलेली २० हजार युनिट वीज. तेवढी वीज करायला साडेचार मेगावॉटच्या आसपास पॅनेल लागतात. फुटलेल्या नळीचा जोड बदलायला एक खड्डा, एक दिवस आणि चार माणसं पुरतात.